क्रोशाचं कव्हर

चूल जाऊन ओटा आला, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. हेमांगीबाईंच्या ओट्यावर एक टोस्टर ओव्हन होता. बाई रोज त्याची काच पुसायच्या आणि वर क्रोशाचं कव्हर घालायच्या. त्या तोऱ्यात तो शेजारच्या तव्याला काळतोंड्या म्हणायचा.

ओव्हनच्या तळाशी चुरा झेलणारा पत्र्याचा ट्रे होता. घरात आल्यापासून तो कोणी बाहेर काढलाच नव्हता. पावाचा चुरा आणि नानकटाईचं तूप त्याच्यावर थरांनी साचलं होतं.

"दादा, एकदा दार अडकवून धरा," ट्रे म्हणाला. "म्हणजे बाई वाकून बघतील आणि मला घासतील."

"आणि चारचौघांत माझी शोभा होऊ दे? आतलं कोण बघतं? पाहुणे काच बघतात."

हळदीकुंकवाच्या दिवशी टोस्ट भाजताना त्या तुपाने पेट घेतला. बायका नाकाला पदर लावून बाहेर पळाल्या.

"अहो, रोज पुसत होते मी," हेमांगीबाई म्हणाल्या.

"काय, काच?" शेजारच्या मंदाकिनीबाईंनी विचारलं.

उरलेले टोस्ट तव्याने भाजले.

आता ओव्हन बाल्कनीत असतो आणि त्यात कांदे ठेवतात. आपल्याला क्रोशाचं कव्हर होतं, हे तो त्यांना रोज सांगतो. कांदे ऐकून घेतात, कारण त्यांना दुसरीकडे जागा नाही.