दोन कुडांमधली चार बोटं

करंजघोळ हे गाव डोंगराच्या खोबणीत वसलेले आहे. सकाळचे ऊन तिथे उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते. गावाच्या वरच्या अंगाला, साधारण अर्ध्या कोसावर, कवडीमहाराजांची मठी होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक कवडी आणि कमरेला पंचा, एवढाच महाराजांचा संसार. कोणी मंत्र मागितला की महाराज विचारीत, "घरी कुठलं काम अडलं आहे, ते सांग." आणि मंत्राऐवजी ते कामच करून देत.

कोंडाबाई ही त्यांची भक्त. रावजी खोतांच्या अंगणाच्या कडेला तिची झोपडी होती. नवरा गेलेला, शेत नव्हतेच. अंडी देऊन नाचणी-मीठ आणावे, तर मागल्या वर्षी मानमोडीची साथ आली आणि तिच्या सगळ्या कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. त्यानंतर लेकीकडून एक कोंबडी आणून तिने दोनदा पिले वाढवली. गावाची रीत अशी, की पिले महिना-दीड महिना चुलीमागे डालग्याखाली झाकून ठेवायची आणि पंख फुटल्यावर अंगणात सोडायची. तिनेही तसेच केले. दोन्ही वेळा खोतांच्या कोंबड्यांनी ती टोचून मारली. सकाळी सोडली, न्याहारीपर्यंत संपली.

तिसऱ्या खेपेला पिलांच्या आईला मुंगसाने नेले. एकोणीस पोरकी पिले ओच्यात घेऊन कोंडाबाई मठीत गेली.

"महाराज, ही शेवटची. ही गेली तर मला गाव सोडून लेकीच्या दारात बसावं लागंल."

महाराजांनी एक पिलू तळहातावर घेतले. "किती दिवस झाकून ठेवतेस यांना?"

"महिना. कधी दीड."

"मग मोठ्या कोंबड्यांना ही चोरच वाटणार. ज्याला कधी पाहिलं नाही, तो एकदम येऊन तुझ्या ताटात जेवू लागला तर तूसुद्धा काठी उचलशील. बाई, त्यांना ही दिसू दे. रोज दिसू दे. फक्त चोच पोचू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः खाली आले. कारवीच्या काठ्या, भोयाने टाकून दिलेले फाटके जाळे, वर पळसाची पाने, खाली भाताचा पेंढा. विकतचे काहीच नव्हते. खोतांच्या कोंबड्या जिथे दाणे टिपत, नेमके तिथेच महाराजांनी गुडघाभर उंचीचे खुराडे बांधले. त्याला कूड मात्र एक नव्हता, दोन होते. आत जाळ्याचा, बाहेर काठ्यांचा, आणि दोहोंच्या मध्ये चार बोटांची जागा. बाहेरच्या कोंबडीची चोच काठ्यांतून आत शिरे, पण पिलापर्यंत पोचत नसे.

"पंधरा दिवस नुसतं बघू दे," महाराज म्हणाले. "सोळाव्या दिवशी दार उघड."

रावजी खोत ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"काय महाराज, कोंबड्यांना अनुग्रह द्यायला आलात वाटतं? माळ कुठं घालणार, मानेत की तंगडीत?"

ओसरीवरची माणसे खो खो हसली. खोतांना आणखी चेव आला. "माझं खुराडं दगडी, दार सागवानी. आणि हा काड्यांचा खेळ! कोंडे, ऐक. सोळाव्या दिवशी माझ्या तांबड्यानं तुझ्या पिलांना टोचलं नाही, तर जोडा डोक्यावर घेऊन अनवाणी मठीपर्यंत जाईन. गावादेखत!"

"या," महाराज शांतपणे म्हणाले. "पण वाटेत काटे आहेत. जोडा पायात असलेला बरा."

तांबडा म्हणजे खोतांचा थोरला कोंबडा. पहिले पाच दिवस तो काठ्यांवर धडका देत होता. सातव्या दिवशी धडका थांबल्या. दहाव्या दिवशी तो कुडाला टेकून धुळीत लोळला, आणि आत पिलेही तशीच लोळली. हे पाहिले आणि सुपारी कातरता कातरता खोतांचा अडकित्ता थांबला. पैज साऱ्या गावादेखत लावली होती!

अकराव्या दिवशी भर दुपारी कोंडाबाई पाण्याला गेली. खोत उठले. त्यांनी खुराड्याच्या तीन काठ्या उपटल्या, जाळे वर सारले आणि आत मूठभर नाचणी फेकली. दाणा दिसताच तांबडा आत घुसला. मागोमाग आठ-दहा कोंबड्या घुसल्या.

एक पिलू दाण्याकडे धावले. तांबड्याने मान ताठ केली आणि सरळ त्याच्या डोक्यावर टोच मारली. पिलू दाणा टिपतच राहिले! दुसरी टोच. तिसरी. पेंढ्यावर रक्ताचे थेंब पडले. खोत वाकून पाहू लागले. तांबड्याची चोच लाल, पेंढा लाल, आणि पिले पिवळीच्या पिवळी! चोच लागत नव्हती म्हणावे, तर पिसे दबताना खोतांना दिसत होती. मग रक्त येत होते कुठून? त्यांच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली.

मागे मडके फुटल्याचा आवाज झाला.

"मेली! माझी पिलं मेली!" कोंडाबाईने कोंबड्या हुसकल्या. एकेक पिलू उचलून पदराने पुसले, पंख उघडून पाहिले, पिसांवर फुंकर घालून पाहिले. एकोणीसच्या एकोणीस जिवंत. कुठे ओरखडा नाही.

"आबा," ती खोतांना म्हणाली, "मग हे रगत कुणाचं?"

 एवढ्यात डोंगराच्या वाटेने धोंडबा न्हावी धावत आला. हातात वस्तरा उघडाच होता.

"धावा! म्हाराजांच्या पाठीतनं रगत येतंय! म्या न्हाय केलं, देवाशप्पत! वस्तरा हनुवटीला हुता, आन् भोकं पाठीला पडाया लागली! म्या वरडलो, तर म्हाराज म्हणत्यात, तू आपली दाढी कर!"

पिले तशीच टाकून सगळे मठीकडे धावले. महाराज अर्धी दाढी झालेले, पाठमोरे बसले होते. पाठीवर बारीक, खोल खुणा होत्या, प्रत्येक चोचीएवढी. धोंडबा हळद भरता भरता मोजू लागला. चाळीसच्या पुढे त्याने मोजणे सोडले.

"महाराज, हे काय करून घेतलंत!" कोंडाबाई रडू लागली.

"कोणीतरी चार बोटांची जागा काढून घेतली, बाई. तिथे काहीतरी ठेवायला हवं होतं ना?"

महाराज बोलत असतानाच त्यांच्या उजव्या खांद्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, आणखी एक भोक पडले. खाली खुराडे अजून उघडेच होते!

खोत पुढे झाले. "महाराज, काठ्या मी काढल्या! मी हरलो. हा बघा, जोडा डोक्यावर घेतो."

"पैज सोळाव्या दिवसाची आहे, रावजी," महाराज म्हणाले. "आधी कूड लाव. तुझ्या तांबड्याची चोच फार टोकदार आहे रे."

खोत धावत सुटले. खुराडे गुडघाभर उंचीचे. खालची गाठ मारायची तर कपाळ मातीला टेकल्याशिवाय हात पोचत नसे. ग्रामदेवतेच्या पालखीपुढेही जेमतेम मान हलवणारे रावजी खोत त्या दिवशी कोंबड्यांच्या शिटेत पालथे पडले. त्यांनी तिन्ही काठ्या रोवल्या, वाखाच्या दोरीने आवळल्या, जाळे ताणून बांधले आणि मधले अंतर आपल्या चार बोटांनी मोजून पाहिले. शेवटची गाठ बसली, त्याच क्षणी वर महाराजांच्या पाठीचे रक्त थांबले, असे धोंडबा मरेपर्यंत सांगत असे.

सोळाव्या दिवशी सारे गाव जमले. दार खोतांनीच उघडले.  तांबडा पुढे आला. त्याने एक दाणा चोचीत उचलला, पिलांपुढे टाकला आणि टुक टुक करून त्यांना बोलावले. एकोणीस पिले त्याच्या पायांशी गोळा झाली.

खोतांनी कुणाकडे पाहिले नाही. जोडा काढून डोक्यावर घेतला आणि ते भर उन्हात डोंगर चढू लागले. मठीत पोचले तेव्हा पाऊल रक्ताळले होते. महाराजांच्या पायांवर ठेवलेले डोके खोत काही उचलीनात.

"सांगितलं होतं ना, वाटेत काटे आहेत म्हणून," महाराज म्हणाले. आणि खोतांचा पाय मांडीवर ओढून घेऊन ते काटा शोधू लागले.