चार कोनशिलांची शाळा

“आठ दिवसांत शाळा उभी दिसली नाही, तर मंजुरी रद्द! मास्तरही परत!” दिवाण धुंडोपंतांचा हुकूम खडकमाळ गावात येऊन थडकला.

आता शाळेसाठी दगड, लाकूड द्यायचं होतं सरकारनंच. चार वर्षांत त्यातलं कुसळही आलं नव्हतं. आल्या होत्या त्या कोनशिला! राजा उदयभान दरसाल वाजतगाजत यायचे, जागेच्या एका कोपऱ्यात आपल्या नावाचा दगड बसवायचे, भाषण ठोकायचे आणि पेढे चापून निघून जायचे. चारही कोपरे भरले, तेव्हा कुठे ही हौस थांबली. चाळीस पोरं मात्र उन्हात करपत पाढे म्हणत होती.

ते दगड घडवले होते पाथरवटाच्या सारजानं. तिला अक्षरं कोरता यायची, वाचता येत नव्हती. तिची लेक मात्र आता ती घडाघडा वाचू लागली होती. मास्तर गेले की ते सगळं तिथंच खुंटणार होतं. सारजानं तडक दरबार गाठला.

“सरकार, तुमच्या नावावर शेळ्या चढत्यात!”

राजाच्या नावाला पाय लागणं हा त्या राज्यात मोठा गुन्हा!

“आणि तुम्ही बघत बसता?” राजे कडाडले.

“हाकलतो की! पण कावळ्यांना कोण अडवणार? ते तर वरूनच कार्यभाग उरकत्यात!”

“पंत! त्या दगडांवर ताबडतोब छप्पर घाला. खर्च खजिन्यातून!”

धुंडोपंत चिकटपणाबद्दल प्रसिद्ध. “एकेका दगडावर चार खांब अन् लहानशी घुमटी. थोडक्यात भागेल, महाराज.”

सारजानं कपाळावर हात मारला. “अवो पंत, राजाच्या नावाचा दगड आन् वर घुमटी, ही तर समाधी झाली! सरकार समोर ठणठणीत बसल्यात, आन् तुम्ही त्यांच्या चार-चार समाध्या बांधताय?”

राजे गादीवरून ताडकन उठले. “खबरदार, पंत! बाई, तूच सांग, काय करावं?”

“चारी दगडांवर मिळून एकच छप्पर. शेळ्या शिरू नयेत म्हणून भिंती. आन् एक दार.”

“आणि राखणीला माणसं कुठून आणायची?” पंत दातओठ खात म्हणाले.

“तयार हाईत! चाळीसजण, वर एक मास्तर. दिवसभर आत बसतील, फुकट!”

राजे चमकले. “अगं, ही तर शाळाच झाली!”

“व्हय सरकार. पोरं चार वर्सं छप्पर मागत होती, तर कुणाला ऐकू आलं न्हाई. तुमच्या नावानं मागितलं, तर एका दमात मंजूर!”

राजे क्षणभर ओशाळले, मग पोट धरधरून हसले. दगड-लाकडाच्या गाड्या त्याच दिवशी सुटल्या. छप्पर चढेपर्यंत धुंडोपंतांचा मुक्काम खडकमाळच्या उघड्या माळावर ठरला, आणि राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाच्या हातात घातलं.