कतरीनबायचं लाल लुगडं

आई तापातून उठू दे, मग सुट्टीत मावशीच्या गावातल्या जुन्या चर्चचं चित्र काढून सणाच्या दिवशी वेदीवर वाहीन, असा नवस छोट्या फिलूनं केला होता. आई उठली. पण मजुरीवर चालणाऱ्या घरात रंग कुठून यायचे?

चर्चच्या बागेत, चाफ्याखाली, फिलू कोरा कागद घेऊन रडवेली बसली होती. तेवढ्यात एका कळीतून बोटभर परी उतरली. झगा दवासारखा लुकलुकता, नाजुकसे पंख लालकेशरी.

"हा घे इवलासा कुंचला," परी म्हणाली. "ज्याला टेकवशील, त्याचा रंग चित्रात येईल आणि त्याचा मात्र उतरेल. पानाफुलांना उद्या नवा रंग येतो, बाळ. माणसांच्या वस्तूंना हात लावू नकोस हं."

फिलूनं चाफ्याकडून भिंतींचा शुभ्र रंग घेतला, गोकर्णीकडून आभाळाचा निळा. कौलांचा लाल तेवढा कुठं मिळेना. कुंपणावर म्हाताऱ्या कतरीनबायचं सणाचं लाल लुगडं वाळत होतं. 'काठालाच जरासा,' म्हणत तिनं कुंचला टेकवला. कागदावर कौलं झळाळली आणि अख्खं लुगडं पांढरंफटक पडलं. फिलू पळाली.

सणाच्या सकाळी कतरीनबाय फाटकाबाहेरच थांबली.

"साबण भारी आणलास वाटतं गं बाय," बाया हसल्या.

"हसा गं, हसा. एकच होतं ते. वेदीवर फुलं ठेवायचा मान यंदा माझा, पण अशी कशी आत येऊ?"

आत फादर म्हणत होते, "फिलू, कौलं काय सुरेख रंगवलीस!"

फाटकापाशीचं बोलणं फिलूला आत ऐकू आलं होतं. तिचे कान तापले. रंग परत केला तर नवस अपुरा राहणार. पण मान काही वर होईना. ती चित्र घेऊन तशीच फाटकापाशी गेली.

"आजी, तुमचा रंग मी घेतला." तिनं कुंचला आधी चित्राला, मग लुगड्याला लावला. लुगडं लालेलाल झालं. चित्रातलं छप्पर कोरं पडलं.

कतरीनबायनं तिची हनुवटी वर केली. "मागायचं होतंस की, वेडे. पदर दिला असता. चल आत."

वेदीवर चित्र ठेवताना फिलू पुटपुटली, "देवा, अर्धंच आहे. पण आता चोरीचं नाही."

फुलांतून परी उठली. "देवाला एवढं पुरतं गं," म्हणत तिनं आपले पंख छपरावर अलगद टेकले. कौलं लालकेशरी उजळली, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

लेकरांनो, न विचारता कुणाचं काही घेतलंत, तर तुम्हीही फिलूसारखं करा. मान खाली असली तरी चालेल, पण ज्याचं त्याला द्यायला आपल्या पायांनी जा.