छत्राखालच्या ओव्या

एकदा एका बाजारपेठेच्या गावी, भर चौकात, एका शिल्पकाराने धातूचे पुरुषभर उंचीचे जाते उभे केले. गावातल्या बायका दळताना ज्या ओव्या म्हणत, त्या त्याने दोन वर्षे घरोघर फिरून उतरवून घेतल्या होत्या आणि अक्षर न् अक्षर पत्र्यात आरपार कापल्या होत्या. माथ्यावर सौर पट्ट्या बसवल्या. दिवसभर त्यांनी ऊन साठवायचे आणि दिवेलागणीला ओव्या आतून उजळायच्या. महिनाभर उजळल्याही. लोक हातातले काम टाकून बघायला येत.

मग मिरचीचे व्यापारी रेवणशेठ यांनी स्वखर्चाने जात्यावर छत्र बांधले, चांगले चार खांबांचे, वर पितळी कळस. थोरांच्या पुतळ्यांवर छत्र असते, मग या ओव्यांनीच काय पाप केले? शिवाय त्यांत एक ओवी शेठच्या दिवंगत आईची होती.

छत्र झाले आणि दिवे विझले.

शिल्पकाराने अर्ज दिले, आकृत्या काढल्या, व्होल्ट समजावले. रेवणशेठ प्रेमाने चहा पाजत आणि म्हणत, "बॅटरी बदलून बघू की." दोन बॅटऱ्या बदलल्या. वायरमन बदलला. कुणी म्हणाले दिशा चुकली, तर वास्तुशांतही करून झाली. छत्र तेवढे जागच्या जागी. सहा महिन्यांनी नगरपालिकेने ठरवले, की सोमवारी हे बंद जाते उचलून गोदामात टाकायचे आणि तिथे कारंजे करायचे.

शनिवारी शिल्पकार आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन आला. "भिंतीशी बोललो असतो ना गुरुजी, तर एव्हाना तिनंही मान हलवली असती."

गुरूंनी वर छत्राकडे पाहिले, खाली जात्याकडे पाहिले. मग समोरच्या रेवणशेठच्या दुकानातून ओल्या लाल मिरचीचे पोते मागवले आणि छत्राखाली फरशीवर मिरच्या पसरायला बसले.

"गुरुजी, परवा सोमवार आहे. आणि तुम्ही मिरच्या कसल्या पसरताय?"

"हात लाव जरा. माझी कंबर वाकत नाही."

शिष्य दात-ओठ खात मिरच्या पसरू लागला. तेवढ्यात रेवणशेठ धोतर सावरत आले.

"हे काय आरंभलंत, गुरुजी? सावलीत कुठं मिरची वाळते का? चार दिवसांत बुरशी धरेल."

"उन्हात पाखरं घाण करतात, शेठ. धूळ बसते. चांगला माल आहे, म्हटलं राहू दे छत्राखाली."

"चांगला आहे म्हणूनच उन्हात पाहिजे. आमची आई काठी घेऊन दिवसभर राखण बसायची अंगणात. पाखरू फिरकू द्यायची नाही, पण वाळवणावर स्वतःची सावलीसुद्धा..."

शेठ बोलता बोलता थांबले. त्यांनी मान वर करून छत्राकडे पाहिले, मग बराच वेळ जात्याकडे. "गडी बोलावतो," एवढेच म्हणाले.

ते गेल्यावर शिष्य उसळला. "मी सहा महिने दुसरं काय सांगत होतो?"

"तू सांगत होतास, की पट्टीला ऊन लागतं," गुरू म्हणाले. "त्याला ऐकू येत होतं, की आईच्या डोक्यावरचं छत्र काढ. कोणता मुलगा काढील? त्याला वीज शिकवायची गरजच नव्हती. जपायचं म्हणजे झाकायचंच असं नसतं, हे त्याला आईकडून लहानपणीच ठाऊक होतं. तू त्याच्या अज्ञानाशी भांडत राहिलास. त्याला काय येतं, हे एकदा तरी विचारलंस का?"

शिष्य वाकून मिरच्या पोत्यात भरू लागला.

रातोरात छत्र उचलून दहा पावलांवर बसवले गेले, खाली दोन बाक टाकले. रविवारचा दिवस लख्ख उन्हाचा गेला. संध्याकाळी जात्याच्या पोटात उजेड धरला आणि ओव्या एकेक करून दिसू लागल्या. शिष्याच्या ओठांवर शब्द आलेच होते, 'बघा, मी म्हणत नव्हतो?'

शेजारी रेवणशेठ टोपी हातात घेऊन उभे होते आणि एका ओळीवरून सावकाश बोट फिरवत होते. आपली सावली त्या अक्षरांवर पडू नये म्हणून ते उगाच अंग चोरत होते. शिष्याने शब्द गिळले आणि तो हळूच म्हणाला, "आता राहू द्या शेठ. आता सावलीनं काही बिघडत नाही."