मधलं नाव

"पूर्ण नाव सांगा, मगच हात लावतो."

"अरे मेल्या, मी तुझी आत्या! न्हाणीत पडलेय मी, उचल आधी!"

"नाव."

"सरस्वती कुरणे!"

"मधलं?"

"मधलं ओट्यावर सुपारी कातरत बसलंय! कुलीन बाई नवऱ्याचं नाव सरळ घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात!"

निवृत्तीनं हे मनात पक्कं धरलं. आत्या मात्र स्वतःच भिंत धरून उठली.

तर असा हा भोळा ब्रदर एका गावात होता. दवाखान्यात नर्सचं काम करणाऱ्या बाप्याला ब्रदर म्हणतात. त्याला परदेशी जायचं होतं. तिथल्या परीक्षेत कागदावर लिहून भागत नाही, पेशंटपुढे उभं राहून करून दाखवावं लागतं. शिकवणीचे सर म्हणाले होते, "पूर्ण नाव विचारल्याशिवाय बोट लावलंत तर नापास!" दोनदा आपटला होता. ही शेवटची संधी. आईविना पोर सरूआत्यानं वाढवलेलं. म्हणून त्याला शहाणं करायचं तिनंच मनावर घेतलं.

"पडलेल्याला नाव विचारू नये," ती म्हणाली. "सरळ उचलावं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी म्हादू पाटील मारुतीपुढे साष्टांग आडवे पडले होते. निवृत्तीनं त्यांना उचललं, खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यात नेलं. पाटलांनी काठी मोडली, त्याच्याच पाठीवर.

"अरे टोणग्या," आत्या म्हणाली, "आधी तोंडानं सांगावं, मी आता असं असं करतोय. मग करावं!"

"बरं."

पाहुणे आले. आत्या म्हणाली, कोंबडी धर. निवृत्ती कोंबडीपुढे हात जोडून उभा. "कोंबडीबाई, मी आता तुम्हाला धरणार. मग आत्या मान कापेल. घाबरू नका." कोंबडी कौलावरून पसार. पाहुण्यांनी पिठलं खाल्लं.

"आधी घट्ट धरावं रे, मग काय ते बोलावं!"

"बरं."

असा शिकूनसवरून तो विमानात बसला.

परीक्षेत पेशंटचं सोंग घेतलेली एक गोरी म्हातारी खाटेवर होती. निवृत्तीनं आधी तिचं मनगट घट्ट धरलं. मग विचारलं, "पूर्ण नाव?"

तिनं सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, घडाघडा.

"छे छे! कुलीन बाईनं असं सरळ घेऊ नये. उखाण्यात घ्या."

म्हातारी किंचाळली. परीक्षकबाई सोडवायला धावल्या. निवृत्तीनं दुसऱ्या हातानं त्यांनाही धरलं. "बरं झालं आलात. आधी तुम्ही घ्या, म्हणजे यांची भीड मोडेल."

पुढच्या विमानानं घरी.

"सगळं तू सांगितलंस तसंच केलं, आत्या. तरी नापास."

हकिगत ऐकून आत्याला घेरी आली. ती मटकन खाली बसली. "दाब बघ रे माझा... डोळ्यांपुढे अंधार येतोय."

निवृत्तीनं दाबाचं यंत्र आणलं. पट्टा सोडला. आणि थांबला.

"पूर्ण नाव?"

"निवृत्ती!"

"ते माझं. तुमचं?"

ओट्यावर अडकित्ता थांबला. आत्यानं पदर डोक्यावर घेतला, दात आवळले आणि म्हणाली, "भातावर वरण, वरणावर तूप, रंगनाथरावांचं नाव घेते, मेल्या, आता बस चूप!"