शेजारच्या हातचा ओळंबा

ऐक ओळंबेदेवा, तुझी कहाणी. आटपाट नगरात एक गवंडीआळी होती. तिथं हरबा गवंडी आणि त्याची बायको ठकू राहत. घरात कण्या शिजायच्या, त्याही पोटभर नव्हेत. पण ठकूचा वसा होता. दर सोमवारी ती ओळंबा काढायची, भिंत सरळ आहे का ते पाहायचा, दोरीला टांगलेला पितळी गोळा. त्याला दुधानं न्हाऊ घालायची, हळदकुंकू वाहायची, गूळखोबरं ठेवायची. मग पदराखाली झाकून शेजारच्या गोंदा गवंड्याच्या घरी द्यायची. आळीची रीतच होती तशी. आपल्या भिंतीला आपण ओळंबा लावू नये, दुसऱ्या गवंड्यानं लावावा. आपली भिंत आपल्याला सरळच दिसते.

मग देव पावला. राजानं देवळापुढं दीपमाळ बांधायला हरबाला बोलावलं. घरात साळीचे तांदूळ आले, ठकूला जरीचं लुगडं आलं. सोमवार आला. जरीच्या लुगड्यानं गोंदाच्या खोपटात जायची ठकूला लाज वाटली. हरबा म्हणाला, "मी राजाचा गवंडी. गोंदा मला काय सांगणार?" पूजा राहिली, वसा टळला. हरबानं आपला ओळंबा आपणच लावला.

मग काय झालं? दीपमाळ गुडघ्याएवढी झाली, कलली, ढासळली. पुन्हा रचली, कंबरेएवढी झाली, कलली, ढासळली. तिसऱ्यांदा पुरुषभर झाली, कलली, ढासळली. राजा कोपला. "आता पडली तर थापी खाली ठेवायची आणि नगर सोडायचं."

हरबा जेवेना, बोलेना. ठकू चुना दळायच्या घाणीपाशी रडत बसली. तिथं एक म्हातारी आली, कोपरापर्यंत चुन्यानं माखलेली. "बाई बाई, रडतेस का?" ठकूनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "देव कोपला नाही गं. तुम्हीच त्याला घरात कोंडलात. घेतलेला वसा पुन्हा धर. उतू नको, मातू नको." एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

मग ठकूनं ओळंबा धुतला, हळदकुंकू वाहिलं, गूळखोबरं घेतलं. गोंदाच्या दारात उभी राहिली. "रखमे, दार उघड." गोंदाची बायको दारात आली. "ठकू? वाट चुकलीस का?"

"चुकले होते बाई. आता आले."

रखमेनं पाट मांडला, पाणी दिलं, नवऱ्याला हाक मारली.

हरबानं चौथ्यांदा रचायला घेतलेल्या दीपमाळेपाशी गोंदा गेला. दोरी सोडली. गोळा थांबू दिला. मग म्हणाला, "दादा, दोन बोटं उगवतीला कललीय." हरबाचा चेहरा उतरला. पण त्यानं आपल्या हातानं थर उतरवला, पुन्हा रचला. असं गोंदानं सांगावं, हरबानं ऐकावं. गुडघ्याएवढी झाली, राहिली. कंबरेएवढी झाली, राहिली. पुरुषभर झाली, कळसाला भिडली.

राजा म्हणाला, "कुणाचं नाव कोरू?" हरबानं हात जोडले. "महाराज, दगड मी रचले, उभे गोंदानं ठेवले. नाव नको, ओळंबा कोरा."

त्रिपुरी पौर्णिमेला तिन्हीसांजेला राजानं पहिली पणती ठकूला दिली. तिनं ती रखमेच्या हाती ठेवली. ठकूचे डोळे भरून आले. "तुझे उपकार कसे फेडू बाई? माझ्यासाठी तू दार उघडलंस."

रखमा म्हणाली, "कडी कधी घातलीच नव्हती गं."

जसा ओळंबेदेव ठकूला पावला, हरबाला पावला, तसा तुम्हांआम्हां पावो. आपली चूक सांगणारं माणूस सर्वांच्या शेजारी नांदो. साठ थरांची ही कहाणी पाच थरांत रचली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.