शर्वरीच्या गाडीतली चुगलखोर डबी

रात्रपाळीला जाणाऱ्या तरुण पोरांच्या गाड्यांत विमा कंपनीने एक डबी बसवली होती. गाडी कुठे पळाली, ब्रेक कुठे दाबला, सगळ्याची चुगली ती कंपनीकडे करायची. एके दिवशी विमा कंपनीच्या मॅनेजर उपासनींनी सातपूरच्या औषध कारखान्यातल्या शर्वरीला बोलावलं आणि सगळ्या ऑफिससमोर झापलं.

"रात्रभर जागायचं आणि सकाळी झोपेत गाडी हाकायची! रोज घरी जाताना एकाच जागी करकचून ब्रेक! डबी खोटं बोलत नाही. तुझा विमाच रद्द करतो."

विमा गेला तर गाडी बंद, आणि गाडीशिवाय रात्रपाळी गाठता येणार नव्हती.

"नका साहेब," शर्वरी म्हणाली. "उद्यापासून तिथे ब्रेक दाबणारच नाही. फक्त जागा नेमकी कुठली, तेवढं नकाशावर बघा."

उपासनींनी ऐटीत नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते त्यांच्याच बंगल्याचं फाटक होतं.

"रोज तिथून एक पांढरी गाडी मागे न बघता रिव्हर्समध्ये रस्त्यावर येते," शर्वरी म्हणाली. "चालवणाऱ्याच्या कानाला फोन असतो. पण तुमचं म्हणणं पटलं मला. येते."

ती दारापर्यंत पोचली, तोच उपासनी खुर्चीतून उठून ओरडले.

"अगं थांब! दाब बाई, ब्रेक दाब!"